संकासुराचं टाचण

हिरव्या शाईने सही करण्याचा मान राजपत्रित अधिकाऱ्याचा, असं म्हणतात. अनुदानित हायस्कुलाचा मुख्याध्यापक राजपत्रित नसतो. तरीही मी हिरव्याच शाईने सही करतो आणि आजवर मला कुणी हटकलेलं नाही, यावरून मालवणच्या किनारपट्टीवर माझा दरारा काय आहे ते ओळखावं. आमच्या शिपाईमामांचं म्हणणं असं की, ती सही कुणी बघतच नाही. पण मामा येत्या मे महिन्यात निवृत्त होताहेत, त्यामुळे त्यांचं मत मी फारसं धरत नाही.

सहीला कागद लागतो. मुख्याध्यापकाच्या सहीवाचून अडून राहणारा शाळेतला सर्वांत निरुपद्रवी कागद म्हणजे टाचणवहीचं पान. दर सोमवारी टेबलावर टाचणवह्यांची चळत येते. कोणता घटक, उद्दिष्ट काय, साहित्य काय, स्वाध्याय काय. मी पान उलटतो, सही करतो आणि शेरा मारतो : 'नियोजन अधिक सूक्ष्म हवे.' हा शेरा मला फार प्रिय आहे. तो गणिताला चालतो, संस्कृतला चालतो. पी.टी.च्या सरांनी एकदा नुसतं 'लंगडी' एवढंच टाचण लिहिलं होतं, त्याखालीही तो शोभून दिसला. शिवाय सूक्ष्म म्हणजे नेमकं किती सूक्ष्म, हे विचारायला माझ्या केबिनपर्यंत कुणी येत नाही. (केबिन म्हणजे दोन लोखंडी कपाटांच्या पाठची जागा.) दहावीच्या निकालात आमचा कोकण विभाग राज्यात पहिला येतो. २०२४ला ९९.०१ टक्के, २०२५ला ९८.८२. या आकड्यांत माझ्या शेऱ्यांचा वाटा किती, हे मंडळाने अद्याप जाहीर केलेलं नाही.

त्यात मला प्रशिक्षण मिळालं, शालेय नेतृत्वाचं. तिथे पहिल्याच सत्रात सांगितलं की, मुख्याध्यापक हा नुसता कारभारी नव्हे, तो शैक्षणिक नेता आहे. त्याने वर्गात जावं, पाठाच्या नियोजनात शिक्षकांना हात द्यावा, वर्गाची घडी बसवून द्यावी. पुढचं मला नीटसं आठवत नाही, कारण 'नेता' म्हटल्यावर माझं लक्ष माझ्याकडेच गेलं. परतीच्या एस.टी.त कसाल ते मालवण मी स्टाफपुढचं भाषण मनातल्या मनात म्हणत आलो. दोन ठिकाणी टाळ्याही पडल्या.

घरी येऊन मी 'आदर्श टाचण' नावाचा नमुना रचला. कागद आडवा धरावा लागे, इतके रकाने. घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, पूर्वज्ञान, प्रस्तावना, शिक्षककृती, विद्यार्थिकृती, फलकलेखन, उपयोजन, मूल्यमापन. यातला बराचसा ऐवज हर्बार्टचा. कान्टच्या अध्यासनावर बसलेला हा जर्मन तत्त्वज्ञ १८४१मध्ये वारला. त्याने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. शिष्यांनी त्यांच्या पाच केल्या आणि बी.एड.ला आम्ही त्या पाचही घोकल्या. शिष्याने गुरूपेक्षा एक पायरी वर जावं, हीच परंपरा मी पुढे चालवत होतो. शेवटचा रकाना गाभाघटकांचा. आमच्या पिढीला तो सुटत नाही. १९८६च्या शैक्षणिक धोरणात दहा गाभाघटक होते आणि सराव पाठात प्रत्येक धड्याला त्यातला एक तरी चिकटवावाच लागे. मी अमीबाचं द्विविभाजन घेतलं होतं आणि त्याला 'छोट्या कुटुंबाचा आदर्श' हा गाभाघटक लावला होता. दोनांवर थांबणारा अमीबा मार्गदर्शकांना इतका पटला की त्यांनी मला वहीवर 'कल्पक' असं लिहून दिलं. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

नमुना स्टाफ मीटिंगमध्ये वाटला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मी ते कौतुक समजलो. शेवटी गणिताच्या बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. बाईंची नोकरी माझ्याहून जुनी, त्यामुळे वर्गासमोर त्या मला 'सर, आपण' म्हणतात आणि स्टाफरूममध्ये मालवणीत बोलतात.

"सगळा बरा आसा सर," त्या म्हणाल्या. "पण ह्यात शिकवचा खंय, ता काय दिसना नाय."

टाचणाचं हे असं. वार्षिक नियोजनाचं त्याहून अवघड. ते जूनमध्येच द्यायचं असतं, महिनावार, कामाच्या दिवसांसह. आता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बाप घरात. त्या दिवसांतला माझा हजेरीपट बघावा. कुठल्याही शैक्षणिक नेत्याचा ऊर भरून यावा. नारळी पौर्णिमेला बंदरावरून दर्याला नारळ गेला की हजेरी पातळ व्हायला लागते. मग चतुर्थी. चतुर्थीत कोकणात शाळा भरवून दाखवणारा नेता अजून जन्माला यायचा आहे. दिवाळीनंतर पर्यटक. १९९७ साली जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि हळूहळू तारकर्ली-देवबागात घराघराला भाड्याच्या खोल्या निघाल्या. शनिवारी नववीतला मुलगा गैरहजर, कारण काय, तर 'पाहुण्यांका डॉल्फिन दाखवक गेल्लंय.' त्याला काय शिक्षा करणार? डॉल्फिन दिसला की नाही, एवढं विचारून घेतो.

आणि मसुऱ्याच्या आंगणेवाडीची भराडीदेवी! तिच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही. कौल होतो, मग तारीख कळते, आणि ती कळली की मुंबईत गाड्यांच्या तिकिटांवर झुंबड उडते. माझ्या तक्त्यात मात्र फेब्रुवारीचे कामाचे दिवस जूनमध्ये भरायचे असतात. देवीने तोवर विचारही केलेला नसतो. आचऱ्याची गावपळण त्याच्याही पुढची. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुरा-कोंबड्यांसकट तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. तक्त्यात यासाठी 'इतर' असा रकाना आहे.

बाईंचा प्रश्न मला झोंबला होता. उत्तर म्हणून मी स्टाफला दशावताराची गोष्ट सांगायला घेतली. मला काहीही झालं की दशावतार आठवतो. स्टाफला हे ठाऊक असल्यामुळे माझ्या तोंडून 'जत्रा' शब्द निघाला की संस्कृतच्या बाई तपासायचे पेपर पुढे ओढतात. वाचकांकडे पेपर नसतील, त्यांनी ऐकून घ्यावं.

दशावतारी नाटकाला संहिता नसते. लिहिलेला कागद नाही, पाठीमागून वाक्य पुरवणारा नाही, तालीम नाही. कार्तिकात जत्रा सुरू होतात. मोचेमाडकर, आरोलकर, वालावलकर, खानोलकर, पार्सेकर, चेंदवणकर : आमच्याकडच्या पोरांना ही कंपन्यांची नावं पाढ्यांच्या आधी येतात. संध्याकाळी कंपनी देवळात उतरते, पेटारा ठेवते, जेवते. मग रंगायला बसल्यावर, तोंडाला रंगाचा हात लागत असताना ठरतं की आज आख्यान कुठलं. तू राजा, तू ऋषी, तू राणी. राणी म्हणजे दाढी घोटून बसलेला बापया. कथेचं सूत्र चार वाक्यांत सांगून होतं. रंगमंचावर एक बाकडा. तेच सिंहासन, तोच पर्वत, जमलंच तर तीच गुहा. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. एवढ्यावर ही माणसं पहाटेपर्यंत बोलतात आणि काय बोलतात! दिवसा तुमच्या-आमच्यासारखं 'खंय गेल्लंस, काय हाडलंस' करणारा माणूस किरीट घातल्याबरोबर 'हे प्रधानजी, या निबिड अरण्यात' सुरू करतो. पुढच्याने त्याला तितक्याच पल्लेदार भाषेत अडवायचं, पहिल्याने ते परतवायचं, पायपेटीवाल्याने नेमक्या क्षणी सूर धरायचा. कुणी कुणाला खूण केलेली दिसत नाही.

आमच्या शेजारी असाच एक राजा राहायचा. त्यांचं शिक्षण सातवी. दिवसा ते नारळाच्या वखारीत पोती उचलत. 'रातचो राजा, सकाळी डोक्यार बोजा' ही म्हण आमच्याकडे उगाच नाही. मी नुकताच बी.एड. झालो होतो आणि जगातल्या सगळ्या गोष्टींना पाच पायऱ्या असतात, अशा समजुतीत होतो. त्यांना विचारलं, "काका, तुम्ही एवढं पाठ कधी करता?"

ते म्हणाले, "पाठ कित्याक? राजाक काय होया, ता ठावक आसला म्हणजे झाला."

'उद्दिष्ट' या विषयावर मी आजवर जितकी व्याख्यानं ऐकली, त्यात यापेक्षा नेमकं काही मिळालेलं नाही. त्यातली काही व्याख्यानं माझीच होती.

आता महत्त्वाचं, आणि हे मी स्टाफला उभं राहून सांगतो. हा सगळा मोकळा कारभार वाटतो, तसा तो नाही. आख्यानाच्या आधी आडदशावतार असतो आणि तो ठरलेला असतो. सूत्रधार गाणार. रिद्धिसिद्धींसह गणपती येणार. भटजी पूजा सांगणार. सरस्वती येणार. मग काळ्या कपड्यातला वेदचोर संकासुर येणार. बाकी सगळे छापील मराठीत बोलत असताना हा एकटा मालवणीत बोलणार आणि समोर येईल त्याची फिरकी घेणार. शेवटी विष्णू येऊन त्याला मारणार. दरवर्षी, दर जत्रेत, याच क्रमाने. बघणाऱ्याला सगळं पाठ. पण त्या ठरलेल्या वेळात काय काय उरकतं बघा : मागची माणसं जागा धरून बसतात, रडणारी पोरं आईच्या मांडीवर झोपतात, जागी पोरं संकासुराची वाट बघत गप्प राहतात, पायपेटीवाल्याचे हात मोकळे होतात आणि आत रंगून बसलेल्या नवख्या नटाच्या पोटातला गोळा उतरतो. मग आख्यान कुठेही जावो. भीमाने दोन वाक्यं जास्त टाकली तरी कुणाचं बिघडत नाही. वर्गाला लावलेली शिस्त म्हणजे आडदशावतार आणि धडा म्हणजे आख्यान, हा माझा सिद्धान्त आहे. तो मी अजून कुठे प्रसिद्ध केलेला नाही, कारण माझ्या रकान्यांची नेमकी उलट बाजू त्यातून निघते, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. मी शिक्षकांकडून आख्यान लिहून मागत होतो आणि आडदशावताराची चौकशीच करत नव्हतो.

हल्ली कंपन्यांच्या पोस्टरवर 'ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग' असं ठळक छापलेलं असतं. धूर, विजा, हवेत तरंगणारा राक्षस. आडदशावतार मात्र आटोपता घेतात, कधी गाळूनच टाकतात. वर्गातही प्रोजेक्टर आल्यापासून... पण हे फार लांबेल. एवढंच सांगतो की, मीही तरुणपणी एका हौशी प्रयोगात संकासुर झालो होतो. लोक पोट धरून हसले. अडचण एवढीच की, मी तोवर बोलायला सुरुवात केली नव्हती.

हे पुराण ज्यांच्यासाठी सांगितलं, ते आमचे नवे सर खाली मान घालून ऐकत होते आणि टिपून घेत होते. माझं बोलणं टिपून घेणारा माणूस त्या स्टाफरूममध्ये प्रथमच आला होता. सर नांदेडकडचे. पवित्र पोर्टलवरून निवड होऊन थेट समुद्रापर्यंत आले. शिक्षणसेवक. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ साली ८,००० वरून १८,००० झालं. पर्यटकांच्या गावात खोलीचं भाडं त्याच्याही आधी वाढलं होतं. पहिल्या आठवड्यात ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, लेकरं काय म्हणायलेत, काही कळंना बघा." मी त्यांना धीर दिला की, लेकरांनाही तुमचं कळत नाहीये, तेव्हा हिशेब बरोबर आहे.

माझा नमुना अख्खा भरणारे तेवढे एकटे. रोज, प्रत्येक तासिकेचा, मोत्यासारख्या अक्षरात. पावसात दिवे गेले तर मोबाईलच्या उजेडात. मी त्यांची वही इतरांना दाखवत फिरलो, यात माझा हेतू त्यांचं कौतुक करण्याचा होता असं मी सगळ्यांना सांगितलं.

मग त्यांच्या पाठाला जाऊन बसलो. सातवीचा भूगोल, भरती-ओहोटी. ज्या माणसाने जूनपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, तो मासेमारांच्या पोरांना भरती शिकवणार होता. टाचणात 'पूर्वज्ञान' या रकान्यात लिहिलं होतं : 'विद्यार्थ्यांना समुद्र माहीत आहे.' मी तिथे सूक्ष्मतेची मागणी केली नाही.

तासिका पस्तीस मिनिटांची. पहिली काही मिनिटं 'गप्प बसा'मध्ये गेली. मग वह्या वाटल्या, त्या चुकीच्या बाकांवर गेल्या, परत फिरल्या. मग दारात एकेक मूर्ती उगवायला लागली, 'सर, आत येव?' प्रत्येकाला 'उशीर का झाला' विचारणं, प्रत्येकाने 'रापण व्हती' सांगणं, वर्गाने प्रत्येक वेळी हसणं. रापणीचा दोर ओढला की वाट्याला मासळी मिळते. उशिराचं याहून सज्जड कारण माझ्याकडेही नसतं. प्रस्तावनेपर्यंत पोचता पोचता निम्मा तास संपला होता.

"मुलांनो, समुद्राचं पाणी रोज एकाच वेळी चढतं का?"

रापणीवरून आलेला, हाताला खवले चिकटलेला मुलगा उठला. "आज पंचमी, सर. भरती पावणेचाराक."

"हे तुला कसं ठाऊक?"

"तिथीची पावणपट करूची."

पाच गुणिले पाऊण, पावणेचार. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचा हा तोंडी हिशेब. सर खडू हातात घेऊन थांबले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, हे मला शेवटच्या बाकावरून दिसलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग वहीकडे. वहीत पुढे लिहिलं होतं : 'विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील आकृतीचे निरीक्षण करतील.' आणि त्यांनी मुलांना आकृतीचं निरीक्षण करायला लावलं. पोरगा खाली बसला. पाऊणपट तिथेच राहिली.

जपानात प्राथमिक शाळांतले शिक्षक मिळून एकच पाठ रचतात, त्यांच्यातला एक जण तो शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून बघतात. शिकवणाऱ्याला नव्हे, मुलांना. जुग्यो केनक्यू म्हणतात त्याला. शतकभराहून जुनी पद्धत आहे. हे मला प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेत सापडलं, पान न उलटलेल्या भागात. त्या दिवशी शेवटच्या बाकावर माझ्याकडे दुसरा इलाजच नव्हता, कारण सरांचं तोंड फळ्याकडे होतं आणि समोर फक्त मुलं होती.

सरांना बाईंच्या तासाला बसवायला हवं होतं. बाई वर्गात येण्याआधी वर्गातली एक मुलगी फळ्यावर गणित लिहून ठेवते. बाई कुणालाही गप्प बसा म्हणत नाहीत. वह्या भिंतीकडून दाराकडे जातात, त्याही न सांगता. उशिरा आलेला मागच्या दाराने येतो, विचारत नाही, बसतो, गणित करायला घेतो. रापणीची चौकशी मधल्या सुट्टीत, आणि तेव्हा ती बाई अगदी सविस्तर करतात, कोणती मासळी, किती वाटा. यातलं काहीही त्यांच्या टाचणात लिहिलेलं नाही. मी शोधलं.

पण सरांना तिथे बसवायचं कधी? वेळापत्रकात दोघांना एकत्र मोकळी अशी एकही तासिका नव्हती. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, तयारीच्या तासांसकट. 'तयारीसकट' हे कायद्यात आहे, बरं का. वेळापत्रक मात्र शिकवण्याच्या तासांचं होतं आणि उरलेल्या वेळावर बाहेरच्या सगळ्यांचा डोळा. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम देऊ नये. आता झाड लावल्याचा फोटो, झाडाशेजारी मुलाचा फोटो, तो फोटो चढवल्याचा स्क्रीनशॉट आणि स्क्रीनशॉट गटावर टाकल्याची नोंद, हे आपत्ती निवारणात बसत असावं. यू-डायस, पोषण आहार, लिंक भरा, 'आज सायंकाळी पाचपर्यंत, विलंब झाल्यास आपण जबाबदार'. हे वाक्य माझ्या नावाने मीच सूचनावहीत पुढे ढकलतो आणि वही वर्गावर्गांतून फिरते. शिकवता शिकवता थांबून शिक्षक सही करतात.

ऑगस्टातल्या एका रात्री मी बंदराकडे फिरायला गेलो होतो. जेटीच्या कठड्याशी नवे सर उभे दिसले. पाऊस थांबून चांदणं पडलं होतं, समोर सिंधुदुर्ग किल्ला, पाणी तटाला लागलेलं. मला वाटलं, आला गडी समुद्र बघायला. जवळ गेलो तर त्यांची पाठ पाण्याकडे होती. मोबाईल डोक्यापेक्षा उंच धरून ते गावाकडे तोंड करून उभे होते. "सर, माहिती भरायलोय," ते म्हणाले, "रेंज या बाजूला हाय." खोलीवर जाऊन अजून दुसऱ्या दिवशीचं टाचण लिहायचं होतं. माझ्या नमुन्यात. आडव्या कागदावर.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं जे होतं, ते सहीने लिहिता आलं नसतं.

सोमवारी वेळापत्रक काढलं आणि आठवीचे विज्ञानाचे दोन तास बाईंकडून स्वतःकडे घेतले, सातवीचे दोन सरांकडून. म्हणजे बुधवारी आणि शुक्रवारी सर आणि बाई एकाच वेळी मोकळे. 'त्या वेळात काहीही भरायचं नाही, फक्त बसायचं,' असं सूचनावहीत लिहिलं. बरेच दिवस दोघांचा त्यावर विश्वास बसला नाही. पहिल्या बुधवारी बाई पोषण आहाराचं रजिस्टर घेऊनच आल्या होत्या.

माझ्या बाजूने त्यागापेक्षा यात लोभ जास्त होता. मी उत्तम शिकवतो, असा माझा समज खडू सोडल्यापासून वर्षागणिक पक्का होत गेला आहे. आठवीत मी सूक्ष्मजीवांवर असा काही रंगलो की मुलं टक लावून ऐकत राहिली. नंतर शिपाईमामांकडून कळलेला अभिप्राय असा : "हेडसर गोष्टी बऱ्यो सांगतत, पण धडो काय फुडे सरकना नाय." मामांना ही बातमी देताना झालेला आनंद निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला शोभणारा नव्हता.

तिकडे दोघांनी मिळून भरती-ओहोटीचा पाठ पुन्हा उभा केला. वर्गाची सुरुवात बाईंची : फळ्यावर आजची तिथी, मुलांनी बसल्या बसल्या पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची, उशिरा येणाऱ्याने मागच्या दाराने येऊन तेच करायचं. पुढचं सरांचं. आठवडाभराच्या वेळा मांडायच्या, बंदरावर प्रत्यक्ष पाहिलेल्या वेळेशी ताडायच्या, फरक का पडतो ते शोधायचं, आणि चंद्र तिथून वर्गात आणायचा. पुस्तकातलं 'भांग' आणि 'उधाण' तर पोरांच्या घरातलंच. खवलेवाल्याला म्हणे फळ्याजवळ उभं केलं होतं. अमावास्येला पाऊणपट किती, यावर त्याचं आणि सरांचं जुंपलं आणि मधेच घंटा झाली. टाचण अर्ध्या पानाचं. माझे रकाने गायब. 'उद्दिष्ट'च्या जागी सरांनी लिहिलं होतं : 'राजाक काय होया?' मी सही केली. शेरा सुचला नाही.

हे सगळं गुपचूप चालू राहिलं असतं. पण मुख्याध्यापकांच्या सभेत 'आपल्या शाळेतील नावीन्यपूर्ण उपक्रम' विचारले गेले, आणि माझ्याआधी बोललेल्या गृहस्थांनी परसबागेवर वीस मिनिटं घेतली. मी उठलो. 'संयुक्त नियोजन तासिका' हे नाव मला तिथल्या तिथे सुचलं. कलम २७ सोडून बाकी सगळं सांगितलं, दशावतारासकट. टाळ्या पडल्या, या वेळी खऱ्या.

पुढच्याच आठवड्यात वरून विहित नमुना आला. संयुक्त नियोजन तासिकेबाबतची माहिती, दर शुक्रवारी, पाचपर्यंत. उपस्थितांच्या सह्या. जिओ-टॅग असलेले दोन फोटो, एक तासिकेपूर्वीचा आणि एक नंतरचा. आणि तळाला : 'सदर नियोजन तासिकेचे टाचण सोबत जोडावे.'

मी तो कागद बुधवारी त्या दोघांपुढे ठेवला. सरांनी तो वाचला. बाईंनी चष्मा लावून पुन्हा वाचला.

"फोटो कधीचो होयो आसा तो आताच काढून घ्येवा," बाई म्हणाल्या. "आमका काम आसा."

"आणि ह्या टाचण कोण लिवतलो, सर?" सरांनी विचारलं. नांदेडच्या माणसाच्या तोंडून इतकी स्वच्छ मालवणी ऐकून मी क्षणभर खूश झालो आणि मग लक्षात आलं की दोघंही माझ्याकडे बघताहेत.

टाचण मी लिहिलं. रात्री दिवे गेले होते. आडवा कागद घेतला, सगळे रकाने भरले. पूर्वज्ञानात लिहिलं, 'शिक्षकांना शाळा माहीत आहे.' गाभाघटकापाशी जरा अडलो, पण अमीबाच्या वेळी जो कामाला आला होता, तोच पुन्हा लावला. तासिकेला माणसं दोनच असतात. शुक्रवारी पावणेपाचला पाठवून दिलं. सोमवारी उत्तर आलं, सहीसह, निळ्या शाईत : 'नियोजन अधिक सूक्ष्म हवे.'